ओलेटा स्टिडमच्या शर्टाखाली

ओलेटा स्टिडम कुणावर विश्वास ठेवत नसे, आणि ते ती लपवतही नसे. तिची नाण्यांवर चालणाऱ्या मशीनची लाँड्री होती. कुणी नवं माणूस कपड्यांची टोपली घेऊन आत आलं, की ती आधी त्याच्या बुटांकडे बघायची, मग काचेतून त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे, आणि मग कुठे तोंडातून "या" निघायचं. माझं औषधांचं दुकान तिच्या भिंतीला लागून. इतकी वर्षं शेजार काढला, तरी माझ्याकडून नेलेल्या गोळ्यांची बाटली ती घरी जाऊन, चष्मा लावून पुन्हा तपासायची. "तू चुकशील असं नाही," ती म्हणायची, "पण माणूसच आहेस ना."

आमच्या आर्कान्सामधल्या डोंगराळ गावांत कमरेला पिस्तूल असणं ही काही बातमी नव्हे. चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणाऱ्याच्या कोटाखालीही ते असतं, आणि तो वाकला की मागच्या बाकावरच्यांना कळतं. पण ओलेटाने कधी बाळगलं नव्हतं. तिचा नवरा बर्ल हरणांच्या शिकारीला जायचा, त्याच्या लांब बंदुका कपाटात होत्या, तेवढं तिला पुरे होतं. बर्ल गेला. मग पुढच्या वर्षी हायवेवरच्या पेट्रोल पंपावर गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला कुणीतरी डोकं फुटेस्तोवर मारलं आणि पळून गेलं. मारणारा सापडला नाही. आणि त्याच सुमारास लाँड्रीसमोर तो राखाडी पिकअप ट्रक उभा राहायला लागला.

आत एक पुरुष बसलेला असायचा. टोपी डोळ्यांवर ओढलेली. उतरायचा नाही, काही विकत घ्यायचा नाही, फोनवर बोलायचा नाही. नुसता लाँड्रीच्या काचेकडे बघत बसायचा आणि अंधार पडायच्या आत निघून जायचा.

ओलेटाने डेप्युटी मीक्सला बोलावलं. शेरिफच्या कचेरीतला हा तरुण बिचारा सगळ्या म्हाताऱ्यांचा लाडका होता. तो म्हणाला, "मिस ओलेटा, गाडीत बसणं हा गुन्हा नाही हो."

"त्याने काहीतरी केल्यावरच येणार का तू?"

"तोवर माझ्या हातात काही नाही, मॅम."

"मग माझ्या हातात काय हवं ते मी बघते," ओलेटा म्हणाली.

हॉलिस येन्सीचं दुकान तळ्याच्या रस्त्याला. पुढे गळ आणि आमिषं, मागे बंदुका. ओलेटाने मला बरोबर नेलं, सल्ल्यासाठी नव्हे, साक्षीला. हॉलिसने तिला नीट न्याहाळलं आणि काचेखालून एक छोटंसं, हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. मूठ जांभळी.

"हे काय, लिपस्टिक आहे का?" ओलेटाने विचारलं.

"बायकांना हेच आवडतं. पर्समध्ये मावतं, वजन नाही, अडकत नाही."

"किती दिवस पडून आहे तुझ्याकडे?"

हॉलिस हसला आणि रिव्हॉल्व्हर तिच्यापुढे सरकवलं. ओलेटाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग त्याच्या परवानगीने, भिंतीकडे नळी धरून, रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढून बघितला. ओढवेना. तिच्या बोटांचे सांधे सुजलेले असत; त्या गोळ्या मीच द्यायचे. दोन्ही हातांची बोटं लावून ओढला तेव्हा नळी एका बाजूला गेली.

हॉलिसने मग एक बारकं पिस्तूल दिलं, तळहातात लपेल असं. त्याचा वरचा भाग मागे खेचल्याशिवाय गोळी नळीत चढत नाही. तोही तिला खेचता येईना.

"मी खेचून देईन तुम्हाला," हॉलिस म्हणाला.

"आणि तू नसताना? त्या माणसाला सांगू का, जरा थांब बाबा, हॉलिसला फोन लावते?"

तिने काहीच घेतलं नाही. बाहेर पडल्यावर म्हणाली, "त्याला विकायचंय. मला जगायचंय. दोन वेगळी कामं आहेत ही."

तिने काहीच न घेणं हॉलिसला मात्र लागलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यानेच ज्वानेल टब्सला ओलेटाकडे धाडलं. ज्वानेल ही काउंटीच्या तुरुंगात बायकांच्या बराकीवर पहारेकरी होती, आता निवृत्त. चर्चच्या बायकांना ती नेमबाजी शिकवायची. धिप्पाड, हळू बोलणारी, आणि बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणारी. ओलेटाला तिचाही संशय आलाच: हॉलिसकडून कमिशन मिळतं का, असं तिने तोंडावर विचारलं. ज्वानेल म्हणाली, "मिळालं असतं तर इतक्या जुन्या गाडीतून आले असते का?"

ज्वानेलने तिला नेमबाजीच्या मैदानावर नेलं आणि आपल्याजवळची वेगवेगळी पिस्तुलं चालवायला लावली. ओलेटा चकित झाली ती एका गोष्टीने. जे लहान आणि हलकं, तेच हाताला जास्त झोडपत होतं. त्या बारक्याने दोन-तीन गोळ्यांतच तिच्या अंगठ्याचं मूळ लाल केलं. आणि जे तिला थोराड, पुरुषी वाटलं होतं, ते हातात शांत बसलं. त्यातलं एक होतं मधल्या अंगाचं, पूर्ण पंजा मावेल एवढ्या मुठीचं. त्याची आतली स्प्रिंग इतकी मऊ की ओलेटाच्या दुखऱ्या हातांनीही वरचा भाग सहज मागे सरकला.

"पण हे लपणार कसं?" तिने विचारलं.

"लपवायचं काम पिस्तुलाचं नाही. ते पट्ट्याचं, खोळीचं आणि कपड्यांचं," ज्वानेल म्हणाली. "आणि ऐक, खोळ विकत घेताना हात आखडू नकोस. तिने चाप पूर्ण झाकला पाहिजे. पिस्तूल बाहेर काढल्यावर तिचं तोंड मिटता कामा नये. आणि ती पट्ट्याला अशी धरून बसली पाहिजे की तू झाडावरून पडलीस तरी हलणार नाही."

"मी झाडावर कशाला चढेन?"

"आणि पर्समध्ये ठेवायचं नाही. पर्स पळवणाऱ्याला पिस्तूल फुकट मिळतं."

ओलेटाने पिस्तूल ज्वानेलच्या सांगण्याप्रमाणे घेतलं. आमच्याकडे परवाना नसला तरी चालतं, पण तिने परवान्याचा वर्गही केला, परवानाही काढला, कारण उद्या कुणी कागद मागितला तर आपल्याकडे नाही असं तिला होऊ द्यायचं नव्हतं. खोळीच्या बाबतीत मात्र तिने स्वतःचंच खरं केलं.

कडक प्लास्टिकची खोळ पँटच्या कमरेला आतून लावली की वाकताना बरगडीला टोचायची. आणि लाँड्रीवालीचं अर्धं आयुष्य वाकण्यात जातं. मागे सरकवली तर गाडी चालवताना पाठीत रुतायची. चामड्याची घेतली, ती बरी होती, पण ड्रायरच्या उकाड्यात घामाने भिजायची. शेवटी तिने हॉलिसच्या दुकानातल्या टोपलीतून एक मऊ कापडी खोळ उचलली. एका क्लिपने पँटला अडकायची, हवी तेव्हा काढता यायची. उशीसारखी मऊ. ज्वानेलने ती बोटांत धरून चुरगळून दाखवली. "ही खोळ नाही, हा मोजा आहे."

"मला टोचत नाही," ओलेटा म्हणाली.

बायकांच्या ब्लाउजमधून तो उंचवटा दिसायचा, म्हणून ती बर्लचे चौकड्यांचे मोठे शर्ट घालायला लागली. गावाला वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने घालते. चर्चमधल्या बायका हळहळल्या, एकीने तर तिला रताळ्याचं गोड पक्वान्न भाजून आणलं. ओलेटाने ते घेतलं आणि खरं काही सांगितलं नाही. पण सारखा शर्ट खाली ओढायची तिला सवय लागली. दुकानात, रस्त्यात, प्रार्थनेला उभी राहताना. ज्वानेल एकदा कानात कुजबुजली, "ओढणं थांबव. आख्ख्या गावाला तूच सांगतेयस."

मला वाटलं होतं, पिस्तूल आलं की ती जरा निवांत होईल. झालं उलटंच. आता तिला दारातून येणारा प्रत्येक जण मोजूनमापून बघावासा वाटे. पाठ भिंतीला लावूनच बसायची. माझ्याकडे कॉफीला आली तरी दाराकडे तोंड. आणि तो राखाडी ट्रक येतच होता.

एका मंगळवारी दुपार कलल्यावर तो माणूस पहिल्यांदा ट्रकमधून उतरला आणि आत आला.

लाँड्रीत तेव्हा डेलीन नावाची एक मुलगी होती. तिशीच्या आतली, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. घरचं मशीन बिघडल्यापासून ती कपडे धुवायला यायची. कधी कुणाशी बोलायची नाही, उकाड्यातही लांब बाह्या. ओलेटाने तिच्यावर कधीच संशय घेतला नव्हता. मला वाटतं, तिने तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

ओलेटा तेव्हा मागच्या संडासात होती. तिथे बसायचं म्हणजे ती कापडी खोळ काढावीच लागे, पँट सैल केली की ती घरंगळायची. तिने पिस्तूल खोळीसकट फ्लशच्या टाकीवर ठेवलं. तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं की मशीनमधून पाणी वाहतंय. ओलेटा घाईघाईने बाहेर धावली. समोर तो माणूस, टोपी हातात घेऊन उभा. डेलीनच्या मशीनमधून फेस जमिनीवर आलेला, पण डेलीन तिथे नव्हती. ओलेटाने नळ बंद केला. माणसाने विचारलं, "मॅम, बाथरूम कुठे आहे?" तिने मागे बोट दाखवलं आणि फरशी पुसायला घेतली.

पुसता पुसता तिचा हात सवयीने शर्टाकडे गेला, आणि शर्टाखाली काहीच नव्हतं.

ती मागे धावली. टाकी रिकामी. बाहेर आली तर माणूस गेलेला, ट्रक गेलेला. डेलीन ओले कपडे टोपलीत भरून गाडीकडे चालली होती. ओलेटाने तिला विचारलं, "तो माणूस काय घेऊन गेला, बघितलंस का?" डेलीनने मान हलवली, नाही.

ओलेटा तशीच माझ्या दुकानात आली. "त्याने नेलं," ती म्हणाली. "एवढे महिने तो त्याचसाठी बसला होता." ज्वानेलला फोन केला. ज्वानेलने एकच गोष्ट सांगितली: आधी शेरिफला कळव, लाज नंतर वाटून घे. डेप्युटी मीक्सने येऊन तक्रार लिहून घेतली, ट्रकवाल्याला शोधतो म्हणाला. पण ओलेटाला धीर कुठला. दुसऱ्या दिवशी ट्रक पुन्हा समोर येऊन उभा राहिला, तशी ती रस्ता ओलांडून थेट त्याच्या खिडकीशी गेली. मी मागे, काय होतंय या भीतीने.

"माझी वस्तू परत दे," ती म्हणाली.

"कसली वस्तू?"

"तुला माहीत आहे कसली. संडासात गेला होतास ना?"

त्याने टोपी काढली. साठीचा असेल, डोळे सुजलेले, झोप नसल्यासारखे. "मॅम, मी गेलोच नाही. तुम्ही दार दाखवलंत, पण ते आतून बंद होतं. मी थोडा थांबलो आणि निघालो."

"आतून बंद? मी तर बाहेर होते. आत कोण होतं?"

तो वळून लाँड्रीच्या काचेकडे बघायला लागला. "काय होतं तिथे?" त्याने विचारलं. "तुमची काय वस्तू होती?"

"पिस्तूल."

"देवा," तो म्हणाला. "डेलीन माझी मुलगी आहे."

त्याचं नाव ऑर्व्हल पेटिट. पुढच्या खोऱ्यातला सुतार. जावई रँडलने डेलीनला माहेरचं नातं तोडायला लावलं होतं. ऑर्व्हलने फोन केला की त्याची किंमत तिला घरी मोजावी लागे, म्हणून त्याने फोनही सोडला. "मग इथे येऊन बसतो," तो म्हणाला. "ती कशी चालते, हात कसा धरते, ते बघतो. काल मनगट छातीशी धरून होती. राहवलं नाही म्हणून आत आलो. मला बघितलं आणि ती मागे पळाली."

बोलता बोलता त्याने गाडीचा पुढचा कप्पा उघडला. त्यात त्याचंही पिस्तूल होतं.

"ते आत ठेव," ओलेटा म्हणाली. "आधी एक शोधायचंय. आणखी एक नको."

तिने ज्वानेलला बोलावलं, ज्वानेलने डेप्युटीला. ऑर्व्हलला त्यांनी माझ्या दुकानात बसवून ठेवलं. मी त्याला कॉफी दिली, ती त्याने प्यायली नाही. पुढचं मला ओलेटाने सांगितलं.

डेलीन वृद्धाश्रमाच्या मागच्या अंगणात बटाटे सोलत बसली होती. ओलेटाला आणि ज्वानेलला बघताच सुरी खाली ठेवून म्हणाली, "गाडीत आहे."

मागच्या सीटवर टोपली, टोपलीत टॉवेल, टॉवेलांखाली ओलेटाचं पिस्तूल. कापडी खोळ एका बाजूला दबून तिचं तोंड उलटं मुडपलं होतं. चाप उघडा, आणि एका टॉवेलची सुटी दोरी त्याला अडकलेली. ज्वानेलने नळी जमिनीकडे ठेवून दोरी हळूच सोडवली, पिस्तूल रिकामं केलं आणि ओलेटाकडे बघितलं. ओलेटा म्हणाली की त्यापेक्षा चारचौघांत थोबाडीत मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मी कुणाला मारणार नव्हते," डेलीन म्हणाली. "भरलंय की रिकामं तेसुद्धा मला कळत नाही. फक्त माझ्याजवळ काहीतरी असावं, एवढंच. पण रात्रभर भीती वाटली की त्यालाच सापडेल."

डेप्युटी मीक्सने वही काढली. "मिस ओलेटा, हे काल चोरीला गेलेलंच ना?"

"चोरीला नाही. मी हिला सांभाळायला दिलं होतं."

"काल तुम्ही चोरी म्हणालात. ट्रकचं वर्णनही दिलंत."

"म्हातारी झालेय. विसरले."

मीक्सने तिच्याकडे बघितलं. मग डेलीनच्या मनगटाकडे बघितलं. वही खिशात घातली आणि डेलीनला म्हणाला, "तुम्हाला कोर्टात जायचं असेल, तर मी आत्ता नेतो." डेलीनने एप्रन सोडला.

कोर्टाने रँडलला तिच्यापासून लांब राहायचा हुकूम दिला. ती बापाच्या घरी राहायला गेली आणि ओलेटाने तिला लाँड्रीत अर्धा दिवस कामाला ठेवलं. का, असं मी विचारलं तर म्हणाली, "नजरेसमोर असलेली बरी." ती कापडी खोळ तिने स्वतःच्या हाताने कापून टाकली. आता कडक खोळ, रुंद जाड पट्टा, आणि संडासातसुद्धा पिस्तूल खोळीतच, खोळ पट्ट्यावरच. टोचायची, पण सहन करायची. ज्वानेलने खोळीची वरची कड कानशीने घासून गोल करून दिली, मग जरा सुसह्य झाली.

एका शनिवारी भर दुपारी रँडल आला. गिऱ्हाइकं होती, लहान मुलं होती. मी आवाज ऐकून लाँड्रीच्या दाराशी गेले. उंच, गोरागोमटा, नीटनेटका माणूस. रस्त्यात भेटला असता तर मी हसून बोलले असते. "माझी बायको कुठे आहे?" तो म्हणाला. डेलीन मागच्या खोलीत होती.

"तुला इथे यायची मनाई आहे," ओलेटा म्हणाली.

"म्हातारे, तुला विचारलं का?"

त्याने साबणाच्या डब्यांचं कपाट ढकलून पाडलं. मुलं रडायला लागली. ओलेटाचा उजवा हात शर्टाजवळ नव्हता. तो टेबलावर होता, पंजा पसरलेला, सगळ्यांना दिसेल असा. डाव्या हातात फोन, आणि फोनवर ती कचेरीला मोठ्यांदा सांगत होती: कोण आलाय, काय घातलंय, काय पाडलंय. रँडल आणखी एक पाऊल पुढे आला. ओलेटा मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. तिचा हात तरीही कमरेकडे गेला नाही. रँडलने तिच्याकडे बघितलं, मग लोकांकडे बघितलं, शिवी दिली आणि निघून गेला. मीक्सने त्याला गावाबाहेरच्या पुलावर अडवलं. हुकूम मोडल्याबद्दल त्याला तुरुंग झाला आणि सुटल्यावर तो राज्याबाहेर गेला असं ऐकलं. ओलेटाचा मात्र त्यावर विश्वास नाही.

त्या दिवशी ती माझ्या दुकानात येऊन खुर्चीत बसली.

"काढलं का नाहीस?" मी विचारलं.

"मुलं होती मागे. आणि त्याच्या हातात काही नव्हतं." मग म्हणाली, "तो आणखी एक पाऊल आला असता तर काढलं असतं. तेच सारखं मनात येतंय. मला त्याची भीती वाटली नाही गं, त्या पावलाची वाटली."

डेलीनला हॉलिसने स्वस्तात एक पिस्तूल देऊ केलं होतं. ज्वानेलने शिकवायची तयारी दाखवली. डेलीनने एकदा मैदानावर जाऊन बघितलं, गोळ्याही झाडल्या, नेम बराच चांगला होता, आणि तरी नको म्हणाली. एक रात्र ते जवळ होतं तेवढं पुरे, असं तिचं म्हणणं. ओलेटाने तिला आग्रह केला नाही. पण मागच्या दाराला नवं कुलूप बसवून घेतलं, ते ऑर्व्हलकडून.

ऑर्व्हल आता ट्रकमध्ये बसत नाही, आत येऊन बसतो. ड्रायरची दारं दुरुस्त करतो, ओलेटासाठी घरची भेंडी तळून आणतो. परवा ती डबा घेऊन माझ्याकडे आली, झाकण उघडून माझ्या नाकाशी धरलं.

"याला काय हवं असेल गं?"

"तुझ्याशी बोलायला हवं असेल."

"एवढी भेंडी आणून?" ती म्हणाली. मग एक तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि डबा पुन्हा घट्ट बंद करून घेऊन गेली.